ताबा मिळाला, शेजार कधी मिळणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरची घरांची पुरवणी आमच्याकडे आधी सासूबाईंच्या हातात जाते. वय ७८, चष्मा लावून एकेक जाहिरात मोठ्याने वाचतात, कुठे किती लाखात वन बीएचके, स्टेशनपासून किती मिनिटं, स्विमिंग पूल आहे का, आणि मग दरवेळी एकच विचारतात, "अगं पण शेजारी कोण असणार ते कुठे लिहिलंय?" गेले काही महिने हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसले. पत्र लांब होणार आहे, कापलंत तरी चालेल पण सोसायटीबद्दल लिहिलंय तो भाग कापू नका एवढी विनंती.

आम्ही बदलापूरला आलो २००४ साली, परळच्या चाळीतून. सासरे गिरणीत होते, ८२ च्या संपानंतर गिरणगावातल्या घराघरात जे झालं तेच आमच्याकडे झालं, पुढे खोली दोन भावांच्या संसाराला पुरेना तेव्हा मोठे दीर तिथे राहिले आणि आम्ही निघालो. डोंबिवली तेव्हाच आमच्या हाताबाहेर गेली होती, अंबरनाथला दोन घरं बघितली तीही बसेनात, म्हणून अजून एक स्टेशन पुढे. सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. इथली किती माणसं अशीच आलीयेत, एकेक स्टेशन मागे सोडत, परवडेल तिथे थांबत. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर लाखाच्या आत होतं, २०११ ला पावणेदोन लाखांच्या घरात गेलं, २०२१ ची जनगणना झालीच नाही त्यामुळे आज आपण किती आहोत ते छातीठोक कोणी सांगू शकत नाही, पण संध्याकाळी बदलापूर लोकल रिकामी होते तेव्हा पुलावर उभं राहून बघा, अंदाज येतो. कात्रप, शिरगाव, बेलवली, मांजर्ली, ही नावं आम्ही आलो तेव्हा गावांसारखी वाटायची, मध्ये शेतं आणि जांभळाची झाडं होती, आता एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं तेच कळत नाही.

पहिलं घर पश्चिमेला, हेंद्रेपाड्याच्या बाजूला. तळमजला अधिक चार, वीस घरं, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर आमचं छोटं वन बीएचके. त्या बिल्डिंगला काही म्हणजे काही नव्हतं, ना गेट ना वॉचमन, पण जिना होता. वर जाताना चार दारं उघडी दिसायची, कोणाकडे फोडणी पडलीय, कोणाचा मुलगा मार खातोय, कोणाच्या आईला दम लागलाय, सगळं जाता येता कळायचं. भांडणंही तिथेच, चपलांच्या स्टँडवरून, वरून ठिबकणाऱ्या कपड्यांवरून, एका घराशी आमचं वर्षभर बोलणं नव्हतं. स्वर्ग होता असं मी म्हणणार नाही. पण माणसं माहिती होती.

ते माहिती असणं म्हणजे काय हे मला २०१९ च्या जुलैत नीट कळलं. २६ तारखेच्या रात्रीपासून जो पाऊस लागला तो तुम्हाला आठवत असेल, वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी, एनडीआरएफच्या बोटी, सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. त्याच उल्हास नदीचं पाणी इकडे आमच्या बाजूला, रमेशवाडीत, घराघरात शिरत होतं. आमच्या तळमजल्यावर चार घरं. आवाज आल्याबरोबर वरचे सगळे खाली धावले आणि कोणी कोणाला काही विचारलं नाही, पहिल्या घरातली आजी गुडघ्यांमुळे चढू शकत नाही हे माहिती होतं म्हणून दोघं जण थेट खुर्ची घेऊनच गेले, दुसऱ्या घरात दीड महिन्याचं बाळ होतं ते आधी वर आलं, तिसऱ्या घरातल्या काकांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं हे तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना ठाऊक होतं, त्या पाण्यात उतरून ते घेऊन आल्या आणि लाइट नव्हती म्हणून माठाला लावून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं. ज्यांच्याशी वर्षभर बोलणं नव्हतं ते घर तळमजल्यावरचंच, त्यांची दोन्ही मुलं दोन रात्री आमच्याकडे झोपली. कोण कोणाच्या घरी जाणार याची यादी कोणी केली नाही, करायला वेळच नव्हता. पंधरा वर्षं जिन्यावर जी बोलणी झाली ती त्या रात्री कामाला आली.

मग तिथून निघालात का असं तुम्ही विचाराल. सासूबाईंचे गुडघे गेले आणि २००५ नंतर २०१९ असं दोनदा पाणी बघून जीव घाबरला होता, म्हणून. लिफ्टचं घर पाहिजे होतं आणि नदीपासून लांब पाहिजे होतं. पूर्वेला एका कॉम्प्लेक्समध्ये बुक केलेलं होतंच, २०२१ च्या शेवटी ताबा मिळाला. अठरा मजले, आमच्या विंगमध्ये १०८ घरं, खाली स्टिल्ट पार्किंग, गेटवर सिक्युरिटी, क्लबहाऊस, सगळं. घर छान आहे, हवा येते, खिडकीतून डोंगर दिसतो, पावसात तर बघतच राहावं असं दिसतं, मी त्या घराबद्दल वाईट बोलणार नाही, नवऱ्याच्या पंचवीस वर्षांच्या नोकरीतून ते उभं राहिलंय. शेजारच्या फ्लॅटमध्ये नवीन लग्न झालेलं जोडपं आहे, त्यांना पंतप्रधान आवास योजनेतून २ लाख ६७ हजारांची सबसिडी मिळाली म्हणून ते घर घेऊ शकले, नाहीतर अजून दहा वर्षं भाड्याने राहिले असते. अशा माणसांना घरं मिळाली ही मोठी गोष्ट आहे, ती आधी मान्य करूनच पुढचं लिहितेय.

आम्ही गेल्यावर आठ महिन्यांनी सासूबाईंना विंगमधली किती माणसं ओळखत होती सांगू? तीन. आमची कामवाली, गेटवरचा वॉचमन आणि दूध टाकणारा मुलगा. जुन्या बिल्डिंगमध्ये त्यांचा हरिपाठ होता, रोज संध्याकाळी पाच-सहा बायका कोणाच्या तरी दारात बसायच्या. इथे दारं बंद, लिफ्ट बाराव्या मजल्यावरून थेट खाली, लिफ्टमध्ये प्रत्येक जण मोबाइलमध्ये. क्लबहाऊस आहे पण त्याला कुलूप आणि चावी बिल्डरच्या साइट ऑफिसमध्ये, कारण तेव्हा सोसायटी स्थापनच झालेली नव्हती. म्हातारी माणसं कुठे बसणार, तर वॉचमनच्या केबिनशेजारी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत तिथे, गाड्यांचा धूर खात.

आणि मग अकराव्या मजल्यावरचे आजोबा गेले. एकटे राहायचे, मुलगा बाहेरगावी. सकाळी डबेवालीने बेल वाजवली, दार उघडलं नाही, तिने वॉचमनला सांगितलं, वॉचमनकडे मुलाचा नंबर नव्हता. नंबर कोणाकडेच नव्हता. एजंटकडून घरमालक, घरमालकाकडून भाडेकराराचा कागद, त्यावरून मुलगा, यात दुपार झाली. मुलगा संध्याकाळी पोचला, त्याला इथलं काही माहिती नाही, स्मशान कुठे आहे हे त्याने वॉचमनला विचारलं. व्हॉट्सअपवर विंगचा ग्रुप आहे, त्यात त्या दिवशी "भावपूर्ण श्रद्धांजली" चे साठच्या वर मेसेज आले. खाली किती माणसं होती तर सात. साठातला एक मेसेज माझा होता, मी तेव्हा ठाणे आणि कळव्याच्या मध्ये गाडीत उभी होते. घरी पोचेपर्यंत नेलेलं होतं.

आपल्यात मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भात न्यायचा असतो, हे मला लहानपणापासून माहिती आहे, चाळीत माझ्या आईने कितीदा नेलाय, भांडण असलेल्या घरीसुद्धा. त्या रात्री सासूबाईंनी पिठलं केलं आणि मला म्हणाल्या देऊन ये. मी अकराव्या मजल्यावर गेले. तिथे सहा दारं. कोणतं दार ते मला माहिती नव्हतं. हातात पातेलं घेऊन मी तिथे उभी राहिले तो क्षण मी आयुष्यात विसरणार नाही, एका मजल्याचं अंतर होतं साहेब, मी बाराव्यावर राहते.

यात कोणी वाईट माणूस नाहीये. त्या साठ जणांतले बहुतेक जण गाडीतच असणार. मी पावणेसातला घर सोडते, मशीद बंदरला ऑफिस, रात्री सव्वाआठला दारात. त्यातले तीन-साडेतीन तास नुसता प्रवास. रविवारी कपडे, दळण, आठवड्याची भाजी, झोप. असंच १०८ घरांचं. शेजार करायला वेळ लागतो, आणि आमच्याकडे तो नाहीये, तो सगळा रुळांवर जातो. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी लाइन मुंबईच्या रेल्वे प्रकल्पात, एमयूटीपी तीन-ए मध्ये मंजूर झाली २०१९ मध्ये, चिखलोली स्टेशन होणार आहे, मेट्रो १४ कांजूरमार्गहून बदलापूरपर्यंत येणार असं प्रत्येक जाहिरातीत असतं. येऊ दे, सगळं येऊ दे, आम्हाला पाहिजेच आहे. पण ते येईपर्यंत आमच्या मुलांची शाळा संपलेली असेल आणि म्हातारी माणसं त्या दोन खुर्च्यांवरच बसलेली असतील.

खरं सांगायचं तर माझा शेजार ट्रेनमध्ये आहे. लेडीज डब्यात आम्ही अकरा जणी, बारा-तेरा वर्षं तीच गाडी, तोच डबा. केळवण, डोहाळजेवण, हळदीकुंकू सगळं तिथे झालंय, दसऱ्याला झेंडूची माळ आम्ही लावतो, घरी जाऊन वेळ नको जायला म्हणून भाजी निवडून तिथेच पिशवीत भरतो. एकजण दोन दिवस दिसली नाही तर तिसऱ्या दिवशी तिच्या घरी फोन जातो. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या लोकलच्या जागी एसी लोकल आली तेव्हा बदलापूरला आणि कळव्याला प्रवासी एकत्र उभे राहिले आणि मध्य रेल्वेने वाढवलेल्या दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या, आठवतंय ना? ती माणसं एका दिवसात कशी जमली, कोणी बोलावलं होतं? कोणी नाही. रोज एकाच जागी उभी राहत होती म्हणून जमली. मला वाटतं सगळा मुद्दा इथेच आहे. बदलापूरच्या माणसाला शेजार करता येत नाही असं अजिबात नाही, चालत्या गाडीत चौथ्या सीटवर अर्धं बसून तो शेजार करतो, फक्त त्याला रोज भेटायची एक जागा लागते आणि आपण एकत्र आहोत म्हणायला काहीतरी लागतं. जुन्या बिल्डिंगमध्ये जिना होता. गाडीत डबा आहे. टॉवरमध्ये काय आहे?

टॉवरमध्ये ती गोष्ट म्हणजे सोसायटी. लोकांना वाटतं सोसायटी म्हणजे मेंटेनन्स गोळा करायची कमिटी आणि भांडणं. मलाही तसंच वाटायचं. पण सोसायटी नसेल तर क्लबहाऊसची चावी तुमची नाही, टेरेस तुमचं नाही, बागेत बाक टाकायला परवानगी दुसऱ्याची, कोणत्या घरात कोण राहतं याचं रजिस्टर नाही, हिशोब विचारायचा हक्क कोणाला आहे तेही कोणाला माहिती नाही. ताबा घेताना आमच्याकडून २४ महिन्यांचा मेंटेनन्स ॲडव्हान्स घेतला होता, त्याचा हिशोब मागायला एकेकटे गेलो की गोड बोलून परत पाठवायचे. सोसायटी कधी, विचारलं की उत्तर ठरलेलं, "सगळे फ्लॅट विकले गेले की करू." आम्ही दीड वर्ष ते खरं मानलं!! माझ्यासारखे हजारो लोक आजही मानत असतील म्हणून मुद्दाम लिहिते, रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियम घालणारा कायदा, पूर्णपणे लागू झाला १ मे २०१७ पासून, आणि महाराष्ट्रातल्या नियमांप्रमाणे ५१ टक्के फ्लॅट बुक झाले की त्यानंतर तीन महिन्यांत सोसायटी नोंदवण्यासाठी अर्ज करणं ही बिल्डरची जबाबदारी आहे. सगळे विकले जाण्याची वाट बघायचा प्रश्नच येत नाही. आणि त्याने नाही केलं तर फ्लॅटधारक स्वतः सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जाऊन अर्ज करू शकतात.

हे आम्हाला कोणी सांगितलं तर माझ्या डब्यातल्या एका मैत्रिणीने, ती टिटवाळ्याची, कल्याणला उतरते आणि पुढची गाडी पकडते, तिच्या सोसायटीत तिने हे केलेलं होतं. दिव्यापासून घाटकोपरपर्यंत तिने मला सगळं तोंडी समजावलं आणि मी मोबाइलवर लिहून घेतलं.

आजोबा गेले त्यानंतरच्या रविवारी आम्ही चौघी जणी स्टिल्टमध्ये सतरंजी टाकून बसलो. पहिल्यांदा कायदा वगैरे काही नाही, एक वही केली. मजलावार. घर नंबर, कोण राहतं, घरात एकटं म्हातारं माणूस आहे का, कोणाला शुगर, कोणाला दमा, बाहेरगावच्या नातेवाइकाचा नंबर, डुप्लिकेट चावी कोणाकडे. काही लोकांनी दारातूनच परत पाठवलं, तुम्हाला कशाला पाहिजे माहिती, बरोबर आहे त्यांचं, आजकाल कोणावर विश्वास ठेवायचा. पण सासूबाईंना बरोबर नेलं की दार उघडायचं. त्या काही विचारायच्याच नाहीत, आत जाऊन बसायच्या आणि गाव कुठलं विचारायच्या. कोणी चिपळूणचे, कोणी जळगावचे, सातारा, सोलापूर, दोन घरं उत्तर प्रदेशातली, एक केरळातलं. गाव सांगितलं की माणूस बोलायला लागतो. तीन महिन्यांत १०८ पैकी ८१ घरांची पानं भरली.

मग सोसायटीचा अर्ज. त्यात काय काय झालं ते सगळं लिहित नाही, फेऱ्या, कागद, सह्या, ज्याने सही केली तो दुसऱ्या दिवशी म्हणतो मला यात ओढू नका. वर्ष गेलं. पण नोंदणी झाली. पहिल्या सर्वसाधारण सभेला कोरम भरेना, उपविधीत दोन तृतीयांश सभासद किंवा २० यातला कमी आकडा धरतात म्हणजे आम्हाला फक्त २० माणसं पाहिजे होती आणि सकाळी अकराला चौदाच आली. अर्धा तास थांबून तीच सभा पुढे चालवता येते तशी चालवली. नंतर मात्र आम्ही सभा शनिवारी रात्री साडेनऊला ठेवायला लागलो, लोक जेवून हात धुवून खाली येतात, मुलं गाड्यांच्या मध्ये पळत असतात, आता तीस-पस्तीस माणसं सहज असतात. क्लबहाऊसची चावी मिळाली ती रात्र तर दिवाळीसारखी होती. तिथे आता दुपारी म्हातारी माणसं बसतात, संध्याकाळी हरिपाठ, परीक्षेच्या दिवसात दहावी-बारावीची मुलं अभ्यासाला, कारण वन बीएचकेत पाच माणसं असतील तर पोराने बसायचं कुठे.

एक गोष्ट मला फार लागली ती भाडेकरूंची. आमच्या विंगमध्ये चाळीसेक घरं भाड्याची, मालक मुंबईत नाहीतर अजून कुठे, घर गुंतवणूक म्हणून घेतलेलं. सभेत एकाने सुचवलं की क्लबहाऊस फक्त मालकांसाठी ठेवू, भाडेकरूंच्या मुलांमुळे गर्दी होते. आणि दोन-तीन माना हलल्या! मी उभी राहिले आणि सांगितलं की अकराव्या मजल्यावर जे गेले ते भाडेकरू होते. सगळे गप्प बसले. अकरा महिन्यांचा करार असला म्हणून माणूस अकरा महिन्यांचा नसतो, आमच्याकडे पुन्हा पुन्हा करार वाढवत राहिलेली कुटुंबं आहेत, त्यांची मुलं इथल्या शाळेत आहेत. मतदानाचा हक्क सभासदाला, ते कायद्याने ठीक आहे, पण बाकावर बसायला, गणपतीत आरती म्हणायला, वहीत नाव लिहायला सभासदत्व कशाला पाहिजे. आणि भाड्याच्या घराकडून जास्तीचे पैसे उकळणाऱ्या सोसायट्यांनी हेही लक्षात घ्यावं की नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते तो, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही, २००१ पासूनचा सरकारी आदेश आहे, आणि तो मालकाने द्यायचा आहे, भाडेकरूकडून निरनिराळ्या नावांनी काढायचा नाही. गेल्या गणपतीत आमच्या विंगची आरास भाडेकरूंच्या मुलांनीच केली, खंडोबाचा मुळगावचा डोंगर केला होता थर्माकोल न वापरता, पायऱ्यांसकट.

एकत्र यायची जागा गावालाही लागते, नुसती बिल्डिंगला नाही. श्याम जोशी सरांनी इथे ग्रंथसखा वाचनालय उभं केलं, मराठी पुस्तकांसाठी लांबलांबून लोक बदलापूरला येतात, मला त्याचा केवढा अभिमान वाटतो. ते एका माणसाच्या ध्यासातून झालं. पण दर पाच टॉवरमागे एक ध्यास घेतलेला माणूस कुठून आणायचा? कॉम्प्लेक्सच्या भिंतीच्या आत ज्यांना क्लबहाऊस मिळालं त्यांचं ठीक, भिंतीच्या बाहेर जुन्या चार मजली बिल्डिंगमधल्या मुलांना खेळायला रिकामा प्लॉट होता तोही आता बांधकामाखाली गेला. नवीन वस्ती आखताना मैदान आणि हॉल आधी, टॉवर नंतर असं झालं पाहिजे, मैदान नकाशात असून चालत नाही, मुलांच्या पायाखाली असावं लागतं.

आता माझं मागणं. तुमच्या पुरवणीत घराचा दर येतो, कार्पेट एरिया येतो, स्टेशनचं अंतर येतं. त्याच्या शेजारी त्याच बिल्डरच्या जुन्या प्रोजेक्टबद्दल तीन ओळी छापा ना, ताबा देऊन किती वर्षं झाली, सोसायटी नोंदली गेली का, जमीन सोसायटीच्या नावावर झाली का. घर घेणाऱ्याला त्या बिल्डरकडे कसं राहायला मिळणार ते या तीन ओळींतून कळेल, स्विमिंग पूलच्या फोटोतून नाही कळणार. महारेराच्या साइटवर प्रोजेक्टची माहिती असते पण माझ्या सासूबाई साइट बघत नाहीत, पेपर बघतात, आणि घर घ्यायचं की नाही हे अजूनही बऱ्याच घरात पेपर वाचणारी माणसंच ठरवतात.

जमिनीचं म्हटलं म्हणून एक विचारायचंय, कारण आम्ही आता तिथेच अडकलोय. मोफा, म्हणजे फ्लॅट मालकीचा जुना कायदा, १९६३ चा, त्याच्या नियमाप्रमाणे सोसायटी झाल्यावर चार महिन्यांत बिल्डरने कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, करून द्यायचं, नाही दिलं तर २००८ च्या दुरुस्तीनंतर मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरने नाही दिलं तरी जमीन नावावर करून घ्यायला, आपल्याला जाता येतं, हे सगळं वाचून झालं. पण आमच्या कॉम्प्लेक्समध्ये तीन विंग, दोनात माणसं राहतात आणि तिसरीचं काम पाया भरून थांबलंय, त्यामुळे "शेवटची इमारत झाली की एकदम देऊ" असं उत्तर मिळतं आणि ती शेवटची इमारत कधी होणार याला काही अंतच नाही. दोन्ही विंगच्या सोसायट्यांनी मिळून अर्ज करायचा, का प्रत्येकीने आपापल्या हिश्श्याचा, आर्किटेक्टकडून क्षेत्रफळाचा दाखला कसा काढायचा, यावर वेगवेगळे लोक वेगवेगळं सांगतायत. अंबरनाथ, टिटवाळा, आसनगाव, नेरळ, नालासोपारा, विरार, कुठल्याही सोसायटीने अशा अर्धवट लेआउटमध्ये हे पार पाडलं असेल तर त्यांनी कृपा करून याच सदरात लिहावं, कागदांची यादी आणि किती महिने लागले तेवढं लिहिलं तरी पुरे. शनिवारी रात्री साडेनऊच्या सभेत मी ते वाचून दाखवीन.

आपली,
एक वाचक
बदलापूर (पूर्व)